गाभ्याशेजारचा चौकोन

जेवणानंतर वेधशाळेत सगळे पेंगायला लागत, तेव्हा ती चित्रं साफ करायला बसायची. शेजारच्या दीर्घिकेचा गाभा, अवरक्त कॅमेऱ्याने टिपलेला. धुळीच्या पडद्याआडूनही भट्टीच्या तोंडासारखा धगधगणारा. त्याला लागून एक फिकट ठिपका होता. तो कशाचा, हे काही केल्या उलगडेना, आणि सर तर शोधनिबंधासाठी हात धुऊन मागे लागलेले.

"कॅमेऱ्याचा दोष असेल. काढून टाक," सर म्हणाले.

दोष नव्हता, तिने तपासलं होतं. तरी तिने बाजूच्या आकाशाचा चौकोनी तुकडा उचलून ठिपक्यावर चिकटवला. घाईत तुकड्याबरोबर एक बारीक तारकाही आली, म्हणजे तीच तारका चित्रात दोनदा. कुणाच्या लक्षात आलं नाही. निबंध छापून आला, सरांनी चारचौघांत पाठ थोपटली. तिला मान वर करवेना.

पुढच्या हंगामात नवी चित्रं आली, कुणाचा हात न लागलेली. ठिपका नव्हता. त्या जागी सरळ कडांचा चौकोन होता, आणि आत ती तारका.

तिने कॅमेरा फिरवून पाहिला; दोष कॅमेऱ्यात असता तर चौकोनही फिरला असता. चौकोन आकाशालाच चिकटून राहिला. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर तिच्यासारखं माणूसही नव्हतं.

मग फोन आला. पूर्वी तिच्याच हाताखाली शिकलेली, आता दूरच्या वेधशाळेत लागलेली मुलगी.

"ताई, तुम्हाला गाभ्याजवळ चौकोनी काही दिसतंय का हो?"

"नाही गं."

"मग माझंच चुकलं असणार. इथे म्हणतात, चित्रात ढवळाढवळ केलीस. उद्या चौकशी आहे."

"नीट तपासून बघ," ती म्हणाली. फोन ठेवला तरी कान तापलेलेच होते.

त्या मुलीला कामावरून काढून टाकल्याचं तिला चहाच्या टेबलावर कळलं. कप तसाच ठेवून ती उठली. सगळं सांगून टाकायचं ठरवून तिने सरांना बोलावलं आणि त्याच दिवशी आलेलं नवं चित्र उघडलं.

सर वाकून बघत राहिले. "काय दाखवतेस? स्वच्छ तर आहे."

चौकोन नव्हता. जादाची तारका गेली होती, कडा बुजवल्या होत्या.

सर गेल्यावर तिने चित्र मोठं केलं. सांध्याची पुसट रेघ होती. तिला जमलं नसतं इतकं सफाईदार काम.

तिने चित्र सरकवून शेजारचं आकाश पाहिलं. तिथेही तशीच एक रेघ होती. तिच्यापुढे आणखी एक.