उशीवरचा माईक

केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. वरच्या खोलीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्यात, त्यामुळे ट्रकचे हॉर्न आत येत नाहीत. खाली स्वयंपाकघर. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात मी एकटीच असते.

नोव्हेंबरात भिंगारचा दानीएल ड्रमसेट घेऊन आला. त्यांच्या चर्चच्या मंडळीला नाताळची गाणी रेकॉर्ड करायची होती. बाकी सगळं जमलं, पायानं वाजवायचा बेस ड्रम तेवढा राहिला. त्याला कोणता माईक लावायचा हे दर वेळी ऐकूनच ठरवावं लागतं. दानीएलनं पेडलवर चार ठोके द्यायचे, थांबायचं, पुन्हा चार.

पहिला माईक मी ड्रमच्या पुढच्या भोकापाशी धरला. ठोका घट्ट आला, पण कोरडा. दुसरा हातभर लांब ठेवला. ठोका घुमला, पण पोकळ वाटला. तिसरा माईक चपटा, साबणाच्या वडीएवढा. ठोका फार घुमू नये म्हणून ड्रममध्ये उशी घातलेली असते; तो भोकातून आत सारून त्या उशीवर ठेवला. ठोका थेट छातीत बसला.

"हाच," मी म्हणाले.

दानीएलनं हेडफोन लावून ऐकलं आणि सावकाश काढून ठेवले.

"हा नको, लिडियाताई. दुसराच लावा."

"का रे?"

"मधल्या गॅपमधी ऐका. कुणीतरी जेवतंय."

मी ऐकलं. चार ठोके. मग ताटात वाटी ठेवल्याचा आवाज. पुन्हा चार ठोके. मग तांब्यातून पाणी ओतल्याचा.

खाली जाऊन पाहिलं. भांडी पालथी होती, नळ बंद. वर येऊन वायर बदलली, मशीनवर ती जोडायची जागाही बदलली. बाकी दोन्ही माईकमध्ये गॅप स्वच्छ होते. तिसऱ्यात मात्र आता कुणीतरी पोळ्या लाटत होतं.

दुसऱ्या माईकवर गाणी पूर्ण केली. "ड्रम उद्या नेतो ताई," एवढं बोलून दानीएल जिना उतरला. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आला नव्हता. मी तिसरा माईक पुन्हा उशीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हेडफोन लावून जमिनीवर बसले. ड्रमला कुणाचा हात लागत नव्हता.

आत पंखा फिरत होता. माझा बंद होता.

एक पुरुष खोकला. काहीतरी म्हणाला, ते नीट कळलं नाही. त्यावर एक बाई हसली. ताटं सरकली. जेवायच्या वेळी कुठल्याही घरात ऐकू येतं तेवढंच. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भीती वाटली असं नाही म्हणता येणार. हेडफोन काढवत नव्हते, एवढं खरं.

किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी मी भोकापाशी वाकले.

"कोण आहे?"

आतले आवाज थांबले. पंखा तेवढा चालू राहिला.

"कोण गं?" पुरुषानं विचारलं.

"तीच," बाई म्हणाली.

आवाज माझा होता. हेडफोनमधून तो मी शेकडो वेळा तपासलाय.

"रोज याच वेळेला विचारते," ती म्हणाली. "एकटीच असते बिचारी. तू जेव."

मी आज पहिल्यांदाच विचारलं होतं.