काचेपलीकडचा नमस्कार

धडधाकट माणसाला काचेच्या खोलीत का कोंडायचं? शाल्मलीला पडलेलं हे कोडं. उत्तर मिळायच्या आधीच तिने घोळ घातला.

तिचे आजोबा, रोगजंतूंचे अभ्यासक डॉ. अच्युत खरे, मिरजेहून चंद्रावरच्या वसाहतीत राहायला आले होते आणि आल्या आल्या त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं होतं. तिसऱ्याच दिवशी शाल्मलीचा वाढदिवस आला. वाढदिवसाला पाया पडायचं नाही म्हणजे काय! जेवणाचा डबा सरकवायला खोलीच्या काचेत जमिनीलगत एक झडप होती. तिने त्यातून हात घातला, आजोबांच्या पायांना लावला आणि तशीच धावत जाऊन मावशीच्या तान्ह्या बाळाचा पापा घेतला.

रात्री आजोबा तापाने फणफणले. बाळाचं बारसं पुढे ढकललं. मावशी आणि बाळ एका काचेमागे, शाल्मली आजोबांच्या शेजारच्या खोलीत. तिला कुणी रागावलं नाही, म्हणून तर जास्तच लाज वाटत होती. तोंड लपवावं म्हटलं, तर चारी भिंती काचेच्या!

"आजोबा, आलात तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात ना?"

"दिसत होतो. जंतू अंगात शिरला की लगेच ताप येत नाही. तो आधी गुपचूप वाढतो. त्याला अधिशयन काळ (लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) म्हणतात. तेवढे दिवस वेगळं राहायचं, तेच क्वारंटाइन (विलगीकरण)."

"किती अवघड शब्द!"

"इंग्रजीत तो इटलीकडून आला. प्लेगच्या भीतीने व्हेनिसला जहाजं चाळीस दिवस किनाऱ्यापासून लांब थांबवत. तिकडे चाळीसला म्हणतात क्वारांता."

"म्हणजे आपणही चाळीस दिवस?"

"नाही गं. शब्द राहिला, आकडा गेला. आता जसा जंतू तसे दिवस. त्या लोकांनी तर जंतू पाहिलेही नव्हते. पण थांबलं की साथ कमी पसरते, एवढं त्यांना उमगलं होतं."

"आणि मला एवढंही उमगलं नाही." शाल्मली रडू लागली. "बाळाला काही झालं तर?"

आजोबांनी मान खाली घातली. "लाज मलाही वाटते, बाळा. जन्मभर जंतूंवर काम केलं. तुझा हात लागताच पाय मागे घ्यायला हवे होते. मी आपला आशीर्वाद देत बसलो."

आठवड्याने तपासणी झाली. बाळ सुखरूप होतं, मावशी आणि शाल्मलीही. आजोबांचा ताप मात्र पुरता उतरला नव्हता.

"जंतू शिरल्या क्षणी ओळखणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही," ते म्हणाले. "तू करशील? मग कुणालाच इतकं थांबावं लागणार नाही."

"करीन," ती म्हणाली.

बारशाला निघताना ती त्यांच्या झडपेसमोर थांबली. हात घट्ट मागे बांधले आणि काचेच्या अलीकडूनच खाली वाकली. पलीकडे आजोबांनी आधी पाय मागे घेतले आणि मगच आशीर्वादाला हात वर केला.