अकराव्या ओळीवर

खडू फळ्याशी काटकोनात धरला की किंचाळतो. जरा तिरपा धरला की आवाज मऊ होतो, आणि मधोमध मोडून अर्धा केला की बहुधा येतच नाही. तिला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. भर दुपारी, रिकाम्या वर्गात ती एक लांबलचक सिद्धता फळ्यावर लिहीत होती, आणि दर दोन ओळींनी खडू असा किंचाळत होता की तिच्याच दातांना कळ येत होती.

“मोडा तो.”

ती दचकून वळली. दारात एक किडकिडीत, उंच मुलगा उभा होता. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, बगलेत वह्यांचा गठ्ठा.

“काय मोडू?”

“खडू. समजा, तुम्ही तो अर्धा केलात, तर तुमचं काही बिघडणार नाही. आणि शेजारच्या खोलीत आम्ही चौघं जण जगू.”

तिनं खडू मोडला. मोडता मोडता “सॉरी” म्हणाली – पण त्याच्याकडे न बघता, हातातल्या तुकड्यांकडे बघून.

तो हसला आणि मग त्याची नजर फळ्यावर गेली. चौदा ओळी. अक्षर छापल्यासारखं, एकही खाडाखोड नाही. तो ओठ हलवत सावकाश वाचत गेला. मग त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. कुठंही पुस्तक नव्हतं.

“हे सगळं… न बघता?”

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पाठ केलंय. पण तिनं केसांची बट कानामागे सारली आणि म्हणाली, “हो.”

त्या एका ‘हो’नं तिला पुढे फार महिने छळलं.

खरी गोष्ट अशी होती की आधीच्या कॉलेजात ती पहिली येत असे, आणि ती पाठांतराच्या जोरावर. इथं विद्यापीठात आल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं की शब्द ओळखीचे आहेत, चिन्हं ओळखीची आहेत, पण एका ओळीतून दुसरी ओळ का निघते ते काही केल्या कळत नाही. वर्गात सगळ्यांनी मान डोलवली तेव्हा तिनंही डोलवली. मान डोलवायला अक्कल लागत नाही. पण एकदा डोलवली की मग विचारायला तोंड उरत नाही. तेव्हापासून ती सिद्धता पाठ करत होती, लहानपणी कविता पाठ करतात तशा. वर्गातली मुलं कौतुकानं तिला ‘छापखाना’ म्हणत. दर वेळी ती उसनं हसे.

तो मुलगा तिच्या एक वर्ष पुढे होता आणि पहिल्या वर्षाच्या वह्या तपासायला गणित शिकवणाऱ्या मॅडमना मदत करायचा. दर वाक्याची सुरुवात ‘समजा’नं करत असल्यामुळे सगळं विद्यापीठ त्याला ‘समजा’ म्हणूनच ओळखत होतं. शिपाईसुद्धा हाक मारायचा, “अहो समजा, तुमची सायकल वाटेत आहे.”

आठवडाभरातच ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर दोघं बसू लागले.

“समजा, मी तुला कॉफीला चल म्हटलं…”

“समजा, मी नाही म्हटलं.”

“मग विरोधाभास येतो.”

“तो कसा?”

“तू मघाशीच चपला घातल्यास.”

तिला हसू लपवता आलं नाही. त्याच्यासोबत ती फार हसायची. फक्त त्यानं वही उघडली की तिचे तळहात ओले व्हायचे. उद्या तो कुठलं पान काढेल याचा अंदाज घेऊन ती आदल्या दिवशीच पाचसहा पानं घोटून ठेवायची. वसतिगृहाच्या खोलीतली मैत्रीण वैतागली होती.

“अगं, अंघोळ करतानाही पुटपुटतेस! काल विचारलं, साबण संपला का? तर आतून म्हणतेस, ‘असा एक साबण अस्तित्वात आहे.’”

पण घोटून तरी किती घोटणार? पान वाचून झालं की तो हनुवटी गुडघ्यावर टेकवून विचारायचा, “तुला काय वाटतं? हे असं का होत असेल?” ती पुस्तकातलंच पुढचं वाक्य म्हणून दाखवायची. मग तो काहीच बोलायचा नाही. पायरीच्या फटीतली गवताची काडी उपटायचा, बोटाभोवती गुंडाळायचा, आणि विषय बदलायचा. त्या शांततेची तिला भीती वाटायची.

रविवारी बाबांचा फोन यायचा. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं.

“आज काय गंमत झाली सांगू? एक गृहस्थ आले. तक्त्यावरची अक्षरं घडाघडा वाचली, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा. मला शंका आली. मी तक्ता उलटा टांगला. तरी तीच अक्षरं, त्याच क्रमानं!”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, पाठांतर झकास आहे, आता डोळ्यांचं बघू. हसू आलं गं, पण वाईटही वाटलं. दिसत नाही म्हणायची लाज वाटते माणसाला.”

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, ‘बाबा, मलाही…’

“ते जाऊ दे,” बाबा म्हणाले, “मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, आमची मुलगी मोठमोठं गणित कागद न बघता लिहिते. तुझं कसं चाललंय?”

“छान चाललंय, बाबा.”

सगळ्यांसमोर फळ्यावर एक सिद्धता मांडायची, असा तिचा सेमिनार होता. त्याच्या आदल्या दिवशी भुरभुर पाऊस होता. पायऱ्यांच्या वरच्या छज्ज्याखाली दोघं अंग चोरून बसले होते. त्याच्या बाहीवरचे थेंब एकेक करून खाली ओघळत होते आणि ती ते मोजत होती, कारण त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला.

आधी तिच्या हेच लक्षात आलं की या वाक्याच्या सुरुवातीला ‘समजा’ नव्हतं. मग त्याचा अर्थ लक्षात आला, आणि कान तापले.

“तू काही बोलणार आहेस, की मी पावसात जाऊन उभा राहू?”

“सेमिनार झाल्यावर सांगते.”

“एवढा विचार?”

“हो… एवढा.”

विचार कसला, लाज होती. त्याला आवडते ती कोण? कागद न बघता चौदा ओळी लिहिणारी. ती मुलगी मुळात नव्हतीच. नसलेल्या मुलीच्या वतीनं ‘हो’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडण्यासारखं होतं.

शुक्रवारी सेमिनारला तीस जण होते. मॅडम पहिल्या बाकावर, ‘समजा’ खिडकीजवळ. मॅडम ठेंगण्या होत्या, केस पांढरे. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. ती लिहू लागली. खडू अर्धा होता, आवाज नव्हता, ओळीमागून ओळ येत होती. दहावी. अकरावी. बारावी.

“थांब जरा,” मॅडम म्हणाल्या. “अकराव्या ओळीतून बारावी कशी आली?”

तिनं अकराव्या ओळीकडे पाहिलं. डोक्यात फक्त बारावी ओळ होती. म्हणून तिनं ती वाचून दाखवली.

“ते दिसतंय मला. आली कशी?”

तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी जरा मोठ्यानं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. तीस माणसं एकाच वेळी आपापल्या वह्यांमध्ये बघू लागली.

“अकराव्या ओळीत चिन्ह उलटं आहे,” मॅडम म्हणाल्या. “‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा मोठं’. ज्याला ही सिद्धता कळली आहे, त्याचा हात तिथं अडतोच. तुझा अडला नाही.”

खिडकीजवळ बाक सरकल्याचा आवाज झाला.

“मॅडम, टिपण मी दिलं होतं,” ‘समजा’ उभा राहून म्हणाला. “चूक माझी आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.”

मॅडम त्याच्याकडे वळल्या.

“संशोधनासाठी तुझं शिफारसपत्र माझ्या टेबलावर पडलंय. न तपासता टिपणं वाटणाऱ्याबद्दल मी काय लिहू? गुरुवारी दुपारी येऊन भेट. तोवर विचार करते.”

ती फळ्यापाशी उभी होती. आत्ता बोल, आत्ता, असं स्वतःला सांगत होती. तिनं डस्टर उचललं आणि फळा पुसला.

तो तिला मागच्या पायऱ्यांवर सापडला.

“तू मला कसलंच टिपण दिलं नव्हतंस,” ती म्हणाली.

“नव्हतं. तू पाठ केलंस ते ग्रंथालयातलं जुनं पुस्तक आहे. त्या ओळीत छपाईची चूक आहे. गेल्या वर्षी मी तिच्यावर दोन दिवस डोकं आपटलं होतं.”

“म्हणजे आज तुला कळलं.”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“त्याआधीच कळलं होतं? कधी?”

“पहिल्या दिवशी.” त्यानं मान खाजवली. “मी दाराशी बराच वेळ उभा होतो. विचार करत लिहिणारं माणूस मध्ये थांबतं. मागची ओळ बघतं, पुसतं, डोकं खाजवतं. तू कुठं थांबलीच नाहीस.”

इतके महिने! इतके महिने ती त्याच्यासमोर सोंग वठवत होती आणि तो ते बघत होता. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

“मग कसली आवडते मी तुला? खोटारडी?”

“मला कळलेल्या गोष्टीसुद्धा पाठ होत नाहीत गं. तू न कळलेल्या चौदा ओळी लिहिल्यास! एवढा हट्ट मी कुठंच पाहिला नव्हता. आणि…” तो हसला, “सॉरी तू मला म्हणालीस की खडूला, याचा मी अजून विचार करतोय.”

तिला हसू आलं आणि रडूही.

“विचारलं का नाहीस मला?”

“वाट बघत होतो. कधीतरी म्हणशील, ‘हे मला कळलं नाही.’ मग मी शहाण्यासारखा समजावून सांगेन, असं ठरवून ठेवलं होतं.”

“आणि तुझं पत्र?”

“मॅडमचा राग निवळेल. नाही निवळला तर पुढच्या वर्षी. तू काही बोलू नकोस, उगाच वर्गात तुझी शोभा होईल.”

ती खरंच काही बोलली नाही. सोमवारी नाही. मंगळवारी मॅडमच्या खोलीपर्यंत गेली, दारावरची भेटीच्या वेळांची सूचना तीनदा वाचली आणि परत आली. तेवढ्यात सूचनाही पाठ झाली. बुधवारी संध्याकाळी तिनं बाबांना दुकानात फोन लावला.

“बाबा, मला इथलं काही कळत नाही. पहिल्या महिन्यापासून कळत नाही. मी सगळं पाठ करत होते.”

पलीकडे दुकानातलं घड्याळ ऐकू येत होतं. “अगं वेडाबाई,” बाबा शेवटी म्हणाले, “मग नंबर काढून घ्यायचा ना वेळेवर! नजर कमी असणं म्हणजे काय गुन्हा असतो का?”

“वर्ष जाईल, बाबा.”

“जाऊ दे. गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते मी बघतो. तू त्यांची काळजी करू नकोस.”

गुरुवारी दुपारी तिनं मॅडमचं दार ढकललं तेव्हा तो आधीच आत, टेबलासमोर उभा होता. मॅडमच्या हाताखाली पत्र होतं. त्यावर सही नव्हती.

“बाहेर थांब पाच मिनिटं,” मॅडम म्हणाल्या.

“नको, मॅडम. थांबले तर पळून जाईन.”

तो डोळ्यांनी ‘नको, नको’ म्हणत होता. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“त्यानं मला टिपण दिलं नव्हतं. मी पुस्तक पाठ केलं होतं, छपाईच्या चुकीसकट. त्या दिवशी तो खोटं बोलला आणि मी ते बोलू दिलं.”

“म्हणजे अकरावी ओळ तुला कळली नव्हती.”

“अकरावी नाही, मॅडम. मला तिसरीपासूनच कळत नाही.”

“पहिल्या दोन कळल्या?”

“त्यांच्यात नुसतं ‘समजा’ आहे.”

मॅडमच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “आता पुढे काय करणार आहेस?”

“हा पेपर यंदा देणार नाही. पुन्हा पहिल्या तासापासून बसेन. आणि नाही कळलं तर हात वर करेन. लाज वाटली तरी.”

“वाटेल. मलाही वाटायची. सवय होते.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पत्र जवळ ओढलं, आणि मग हात तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिलं. “पण एवढ्यानं माझं उत्तर पूर्ण होत नाही. जी चूक तुझी नव्हती, ती तू अंगावर का घेतलीस? खोटं बोलणाऱ्याची शिफारस करायची तर मला कारण माहीत हवं.”

“मॅडम, ते… समजा…” त्यानं खाली बघितलं. मान लाल, कान लाल. पुढे शब्दच येईनात.

तिला उत्तर माहीत होतं, आणि हे पाठ केलेलं नव्हतं. फळ्यापाशी वाटली होती त्याहून मोठी लाज पायांपासून वर चढत आली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, आणि ती तशीच, त्या लाजेसकट बोलली.

“मी सांगते, मॅडम. त्याला मी आवडते म्हणून. त्यानं मला विचारलं होतं, आणि मी आठवडाभर उत्तर दिलं नाही.”

मॅडमनी पेन कागदावर टेकवलं. वर पाहिलं नाही. “मग आता देतेस का?”

ती त्याच्याकडे वळली.

“मलाही तू आवडतोस,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. माझं उत्तर हो आहे.”