राहिलेला खडा

ही गोष्ट खरी आहे. खोटं बोलण्याची मला आता भीती वाटते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. मे महिना, साल १९८३.

माझे थोरले मामा, नरसिंग, तेव्हा सोळा वर्षांचे होते. सोळा वर्षांच्या पोराला मामा म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून नरसिंगच म्हणतो. गाव मुखेड तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्याच्या पार कडेला. ओढा ओलांडला की लातूर जिल्हा. तो होऊन वर्षही झालं नव्हतं. लोक थट्टा करायचे, जिल्हा नवा आला आणि पाऊस जुन्याबरोबर निघून गेला.

थट्टेत तथ्य होतं. त्या उन्हाळ्यात ओढ्याची वाळू चार हात उकरली तरी हाताला ओल लागत नव्हती.

गावातली तीन पोरं एकत्र दहावीला बसली होती. नरसिंग एक. दुसरा भुजंग, आप्पासाहेबांचा मुलगा. घरची शंभर एकर जमीन, पोरगा हाताचा सढळ आणि तोंडाचा फटकळ. तिसरा ज्ञानोबा, बौद्धवाड्यातल्या साहेबरावांचा. अभ्यासात तिघांत हुशार तोच. नरसिंगला गणित त्यानंच शिकवलं, आणि नरसिंगचा जीव होता तो त्याच्यावरच.

पण चालायचं ते भुजंगचं. त्याच्या टोळीत राहायचं तर तो म्हणेल ते करायचं. साप धर म्हटलं की धरायचा. जो मागे सरेल त्याच्याशी आठ-आठ दिवस कुणी बोलायचं नाही. नरसिंगनं एकदा ते आठ दिवस काढले होते. पुन्हा काढायची त्याची तयारी नव्हती.

आप्पासाहेबांच्या विहिरीचं खोलीकरण चाललं होतं. खाली काळा पाषाण. सुरुंगाचे बार उडवायला बिदरकडचा माणिकप्पा आला होता, आणि त्याच्या हाताखाली ज्ञानोबाचे वडील कामाला होते.

माणिकप्पाची एक रीत होती. जितकी भोकं दारूनं भरली, तितके खडे तो विहिरीच्या काठावर ओळीनं मांडायचा. वात पेटवून वर यायचा आणि चिंचेखाली बसून कानडीत मोजायचा. एक बार उडाला की एक खडा फेकायचा.

“ओंदू... येरडू... मूरू...” वडिलांची भाकरी घेऊन आलेला ज्ञानोबा त्याची हुबेहूब नक्कल करायचा.

सगळे खडे संपले तर खाली उतरायचं. एक जरी उरला, तरी एक बार खाली जिवंत आहे. मग दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत कुणी पाय टाकायचा नाही, आणि त्या खड्याला कुणी हात लावायचा नाही. तो खडाच राखण.

त्या दिवशी साहेबराव तापानं पडले होते. त्यांच्या जागी ज्ञानोबा कामाला आला होता. दुपारी तो भाकरी आणायला घरी गेला, आणि मागे माणिकप्पानं पाच बार लावले.

एक. दोन. तीन. चार.

मग नुसती धूळ खाली बसत राहिली...

माणिकप्पानं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी काठावर उरलेल्या एका खड्याकडे बोट दाखवून तो पोरांना म्हणाला, “ह्याला शिवू नका रे. मी जेवून येतो.” आणि ओढ्याकडच्या झाडांत निघून गेला.

काठावर भुजंग आणि नरसिंग दोघंच उरले.

“नरश्या, त्यो खडा उचल,” भुजंग म्हणाला.

“कामून?”

“मज्जा बघू. ज्ञान्याला खाली उतरू दे. मग वरून वरडू, खडा राहिला रे! कसा माकडावानी वर येतो बघ.”

“नको यार. लई वंगाळ थट्टा हाय ही.”

भुजंगनं तोंड फिरवलं. “भेलास? जा मग घरी. पुन्हा माझ्याकडं येऊ नको.”

नरसिंगनं खडा उचलला. उन्हानं तो तापला होता. त्यानं तो चड्डीच्या खिशात टाकला.

ज्ञानोबा आला. एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्या हातात कळशी. आईनं दिली होती, पाणी लागलंच तर म्हणून.

“मला तर घरी चारच आवाज आले,” तो म्हणाला.

“दोन संगंच उडाले,” भुजंग म्हणाला. “खाली झरा फुटलाय. पहिली कळशी तुझी, जा. आप्पाला मी सांगतो.”

त्या विहिरीतली पहिली कळशी बौद्धवाड्यात जाणार... एरवी त्याच्या आईला दोन-दोन तास उन्हात उभं राहून, कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. ज्ञानोबाचे डोळे चमकले. पण पोरगं शहाणं. त्यानं भुजंगकडे पाहिलंच नाही. त्यानं आपल्या मित्राकडे पाहिलं.

“नरसिंग, खडा राहिला का रे?”

खिशातला खडा मांडीला चटका देत होता.

“न्हाई,” नरसिंग म्हणाला.

ज्ञानोबा दोर धरून उतरला. खालून त्याचा आवाज आला, “पाणी हाय रे! गार हाय!”

भुजंग तोंडावर हात दाबून हसत होता. नरसिंग म्हणाला, “आता सांग ना त्याला.”

“थांब. जरा थांब.”

खाली पहार वाजली. ज्ञानोबा झरा मोठा करत होता.

ठक...

ठक...

ठक...

“भुजंग, सांग!”

ठक...

नरसिंगनं ओरडायला तोंड उघडलं, आणि विहीर फुटली.

काय वर आलं ते मामांनी मला सांगितलं, मी सगळं सांगणार नाही. कळशी चिंचेच्या फांदीत अडकली होती. तिच्या दांडीला ज्ञानोबाचा पंजा तसाच मूठ वळून होता. नरसिंगच्या तोंडावर ओलं काहीतरी पडलं. ते पाणी असावं असं त्याला वाटलं. ते पाणी नव्हतं.

गाव गोळा झालं. भुजंगनं सांगितलं, माणिकप्पानं खडा ठेवलाच नव्हता. माणिकप्पा रडत होता, “ठेवला होता हो! देवाची आण, ठेवला होता!” आप्पासाहेबांच्या गड्यांनी त्याला चिंचेला बांधलं आणि त्याचे दोन्ही हात दगडावर ठेवून पहारीनं ठेचले. मोजायला बोटच ठेवलं नाही.

नरसिंग बघत उभा होता.

मग गर्दीतून ज्ञानोबाची आई आली, नागुबाई. ती रडत नव्हती. तिनं नरसिंगचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

“लेकरा, तू तर हितंच व्हतास. तू खोटं बोलणार न्हाईस. खडा राहिला व्हता का?”

भुजंगनं मागून त्याचं मनगट धरलं.

“न्हाई, मावशी.”

जुलैत दोघं अकरावीला लातूरला गेले. नव्या जिल्ह्याच्या गावात सगळीकडे ओल्या रंगाच्या पाट्या लागत होत्या. आप्पासाहेबांनी एका डाळमिलच्या मागे माडीवरची खोली घेऊन दिली. खोलीचं भाडं त्यांचं, नरसिंगची खानावळही त्यांचीच. कशासाठी ते कुणी बोललं नाही. भुजंगला त्याच्यावर नजर ठेवायची होती.

मिल दिवसभर धडधडायची. दुपारी एकाला अर्धा तास बंद व्हायची. मग त्या गल्लीत इतकी शांतता पसरायची की कानात दडे बसायचे.

पहिल्याच सोमवारी, त्या शांततेत...

ठक...

ठक...

ठक...

ठक...

फरशीच्या खालून. चार ठोके आणि मग काही नाही. पाचव्या ठोक्याची वाट बघत दोघं श्वास रोखून बसले.

खाली घरमालकीण धोंडाबाई राहायची. दोघं खाली गेले, भुजंग तिच्यावर ओरडला. ती म्हणाली, “बाबा, मी एकटी बाई. मला कशाला काय ठोकायचंय?”

वर आले तर खिडकीत पाच खडे. काळे. ओळीनं मांडलेले. आणि ओले...

भुजंगनं नरसिंगला भिंतीवर आपटलं. “तूच करायलास हे!” गुडघा पोटात, मग बुक्की तोंडावर. नरसिंगचा पुढचा दात पडला. मामांचा तो दात शेवटपर्यंत नव्हता. भुजंगनं पाचही खडे गटारीत फेकले.

मंगळवारी दुपारी खिडकीत चार होते.

बुधवारी तीन. त्या दिवशी ठोक्यांच्या आधी कुणीतरी हळूच मोजलं. “ओंदू... येरडू...” आवाज माणिकप्पाचा नव्हता. विहिरीवर बसून माणिकप्पाची नक्कल कोण करायचं, ते दोघांनाही माहीत होतं.

गुरुवारी दोन. भुजंग जेवेना, झोपेना. त्यानं खिडकीला फळ्या ठोकल्या. खडे फळ्यांच्या आतल्या बाजूला होते.

शुक्रवारी खानावळीतून परत येताना जिन्यावरच त्याचे पाय थांबले. एक वाजला. मिल बंद झाली. सगळ्या गावाला साप धरायला लावणारा भुजंग कठडा सोडायला तयार नव्हता.

“नरसिंग, तू आधी बघ. खडा हाय का?”

त्यानं पहिल्यांदाच नरसिंग म्हटलं होतं.

नरसिंग वर गेला. त्यानं दार लोटलं. फळीला टेकून एक खडा होता. त्याच्याखालून पाण्याचा एक ओघळ भिंतीवरून फरशीवर आला होता. खोलीत सुरुंगाच्या दारूचा वास होता.

तो मागे वळला.

“न्हाई,” तो म्हणाला.

मामा मला म्हणाले होते, “लोकांना वाटंल ज्ञानोबानं माझ्या तोंडून वदवलं. मलाबी वाटतं तसं. पर तोंड माझंच व्हतं. अन् म्हणताना मला बरं वाटलं व्हतं.”

भुजंग आत गेला. दार आपोआप लागलं.

ठक. ठक. ठक. ठक.

पाचवा आवाज आलाच नाही. खालची धोंडाबाई म्हणाली, ती चूल फुंकत होती, तिला काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा भुजंगची छाती आतून फुटून उघडी पडली होती. बरगड्या बाहेर वळलेल्या. तोंडात, डोळ्यांच्या खाचांत काळ्या पाषाणाच्या चिपा. भिंत मात्र कुठे काळवंडली नव्हती, आणि खिडकीच्या फळ्या जिथल्या तिथे. पंचनाम्यात लिहिलं, स्टोव्हचा भडका.

खोलीत स्टोव्ह नव्हता. दोघं खानावळीत जेवायचे.

त्यानंतर मामा गावी आले ते कायमचे. शेती केली, लग्न केलं. पण दुपारी एकाला ते कधी छपराखाली थांबले नाहीत. ओट्यावर उन्हात बसायचे आणि मामीला विचारायचे, “बघ गं, खडा हाय का?” मामी आतून सांगायची, “हाय.” मग ते तीनपर्यंत बाहेरच. चाळीस वर्षं. आम्ही पोरं हसायचो.

मामी मागच्या वर्षी गेली, मामेभाऊ दोघंही बाहेरगावी. यंदा मे महिन्यात मी सुट्टीला गेलो, तेव्हा आत जाऊन बघायची पाळी माझ्यावर आली.

पहिल्या दिवशी मी हसत आत गेलो.

खिडकीत खडा होता. काळा. ओला.

त्या संध्याकाळी मामांनी मला हे सगळं सांगितलं. सांगताना लहान पोरासारखे रडले. शेवटी म्हणाले, “नागुबाई अजून जित्ती हाय. मुखेडला लेकीकडं असती. जो भेटंल त्याला तेच इचारती, लोक येडी म्हणत्यात तिला. उद्या संध्याकाळी मला तिच्याकडं घिऊन चल. एकदा खरं सांगू दे. मग मरू दे.”

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी ओट्यावरून विचारलं. मी आत जाऊन पाहिलं. खिडकी रिकामी होती. मी खालीही पाहिलं, फरशीवर. कोरडी ठणठणीत.

“नाही मामा, नाहीये.”

“नीट बघितलंस?”

“हो.”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते भर दुपारी आपल्या घराचा उंबरा ओलांडून आत गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ओट्यावर बसलो, मोबाइल काढायला खिशात हात घातला...

हाताला काहीतरी लागलं. तापलेलं.

मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर आतून चौथा ठोका वाजला होता.

डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका लिहून दिलं. मामांना आंघोळ मी घातली. सदरा मी दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी नागुबाई आली. लेकीनं धरून आणलं होतं, पार वाकलेली. अंगणात पन्नास माणसं बसली होती. दोन्ही मामेभाऊ माझ्याकडे बघत होते. म्हातारीला कुणीतरी सांगितलं होतं, शेवटी मामांजवळ मीच होतो. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

“लेकरा, तू तर हितंच व्हतास. खडा राहिला व्हता का?”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा हात खिशात होता.

“नाही, आजी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. ते ओलं का होतं, मला माहीत नाही. मी रडत नव्हतो.

आज सोमवार. पाऊण वाजला आहे. माझ्या खोलीच्या खिडकीकडे मी अजून पाहिलेलं नाही.