दोन झाडं पलीकडे

वनरक्षक तिला पाठीमागे ‘बुरशीबाई’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि खरं तर तिला ते आवडायचंही. जंगलातल्या झाडांची मुळं कुजवणाऱ्या बुरशीच्या मागे ती हात धुऊन लागली होती. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, “आधी हिला निस्तरू दे.”

ही बुरशी जमिनीखालून एका झाडाच्या मुळांतून दुसऱ्याच्या मुळांत सरकते. वरून झाड हिरवंगार, आतून पोखरलेलं. म्हणून आजारी झाडांभोवती खोल चर खणून मुळांचा संबंध तोडायचा. तोही अगदी लागून नाही, दोन झाडं सोडून पलीकडे. धडधाकट झाडं आत अडकताना पाहून वनरक्षक काका हळहळायचे.

“बाई, ह्यांचा काय गुन्हा?”

“शेजार,” ती हसून म्हणायची.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि धाकटी बहीण थोरलीला घरी न्यायला तिच्या जंगलातल्या क्वार्टरवर आली. दोघी एकाच पांघरुणात झोपल्या. “ताई, तुझ्या केसांनासुद्धा अळंबीचा वास मारतोय गं,” म्हणून बहिणीने नाक मुरडलं, आणि थंडी वाजली तेव्हा निमूटपणे तिचाच स्वेटर अंगात चढवला.

सकाळी दाट धुकं होतं. ती चहा गाळत होती, तेवढ्यात बहिणीने दारातून हाक मारली.

“ताई… हे कधी खणलंस?”

क्वार्टरभोवती चर होता. चांगला पुरुषभर खोल. अंगण, पाण्याची टाकी आणि प्रत्येक बाजूची दोन-दोन झाडं आत घेऊन तो पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाला होता. उपसलेली माती कुठेच नव्हती. ती काठावर ओणवी झाली. मुळं सुरीने कापावीत तशी कापलेली होती, आणि खालून ओल्या, कुबट वासाची वाफ येत होती.

मग तिच्या लक्षात आलं. नव्याने वाळू लागलेली सगळी झाडं तिनेच गिरमिटाने भोक पाडून तपासलेली होती. एका झाडातून काढलेलं गिरमिट दुसऱ्याला लावण्याआधी स्पिरिटने पुसायचं असतं. घाईगर्दीत तिने ते किती वेळा पुसलं नव्हतं, देव जाणे. रोग जंगलभर फिरत होता तो तिच्याच हातांनी. आणि कुणीतरी ते ओळखलं होतं.

पलीकडे काका जीप घेऊन आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि काही न विचारता जीपमधली फळी चरावर टाकली.

“आधी तू,” ती बहिणीला म्हणाली.

“बरोबरच जाऊ ना…”

“वेडी आहेस का? तुला काही झालेलं नाही. तू नीट आहेस. जा आईकडे.”

बहीण सरसर पलीकडे गेली. मग तिने स्वतः फळीवर पाय ठेवला, तोच फळी घसरली आणि खाली गेली. तिघंही कान देऊन उभी राहिली. फळी तळाला आपटल्याचा आवाज काही आला नाही.

“रुंद झाला काय हो हा…” काका पुटपुटले. “हिला स्टँडवर सोडतो, शिडी घेऊन येतो. तुम्ही आत बसा, बाई. काठावर येऊ नका.”

जीप धुक्यात गेली. निदान धाकटी सुटली, या विचाराने तिला रडूच फुटलं.

दुपार झाली तरी धुकं हललं नाही. काका आले नाहीत, त्यांचा फोनही लागेना. वास आता खोलीत भरला होता. तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा टाकी दिसली नाही. थोड्या वेळाने अंगणही दिसेना. चर पायरीला येऊन टेकला होता. तिने दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून बसली.

संध्याकाळी फोन वाजला.

“पोचले गं. आईने आल्याआल्या मिठी मारली, सोडेचना. तू निघालीस?”

तिने दाराला पाठ आणखी घट्ट रेटली.

“ताई, इथे गल्लीत खोदकाम चाललंय. माणूस एकही दिसत नाही. आपल्या घराला वळसा घालून… शेजारची दोन घरं या बाजूची, दोन त्या बाजूची…”

आईला घेऊन पळ, असं सांगायला तिने तोंड उघडलं आणि घट्ट मिटलं. त्या पळून जिथे जातील तिथेही शेजारी असणारच होते. धडधाकट दिसणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा, हे तिने सगळ्यांना शिकवलं होतं, आणि सख्ख्या बहिणीला मात्र स्वतः आईच्या कुशीत धाडलं होतं.

“आई कुठे आहे?” तिने कसंबसं विचारलं.

“स्वयंपाकघरात.” बहिणीचा आवाज अगदी बारीक झाला. “ओणवी होऊन फरशीला कान लावून बसलीय गं. मघापासून एकच धोशा लावलाय… थोरली जमिनीखालून आलीय, तिला वर घ्या.”