मागच्या सीटचं वजन

उन्नतीचं काम लोकांना पटकन समजायचं नाही. भिलाईतल्या जुनवानी भागातल्या घरात, वरच्या खोलीत बसून ती विमानं उडवायची. खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. पुण्यातली एक छोटी कंपनी लढाऊ विमानांचा सिम्युलेटर बनवत होती, आणि त्यातलं प्रत्येक विमान खऱ्यासारखं वागतं की नाही हे पाहून चुका कळवणं ही तिची नोकरी. चाकं आत गेल्यावर दिवा उशिरा विझला, कळव. कडक वळणात वेग हवा तितका पडला नाही, कळव.

"म्हंजे दिवसभर खोड्याच काढून राहिली तू," सासूबाई कलावतीबाई म्हणायच्या, "अन् लोक त्याले नोकरी म्हणते!"

सिम्युलेटरच्या नकाशात भिलाईसुद्धा होती. पहिल्यांदा तिच्यावरून उडाली तेव्हा तिनं नवऱ्याला हाक मारून बोलावलं. राजदीप पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होता. कारखान्याच्या जागी चार राखाडी डबे पाहून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे यार, माही मिल कुठं गेली?" उन्नतीनं लगेच कळवलं, भिलाईच्या कारखान्याला धुराच्या चिमण्या नाहीत. पुढच्या अपडेटमध्ये चिमण्या उगवल्या, आणि कलावतीबाईंनी त्या आनंदात शिरा केला.

दुःख एकच होतं. विमान तपासण्यात उन्नती पक्की, पण उडवण्यात कच्ची. तिचं विमान धावपट्टीवर टेकायचं नाही, आपटायचं, उसळायचं, पुन्हा आपटायचं. कंपनीतल्या तिच्या ओळखीच्या प्रवीणला हे माहीत होतं. तो हसायचा, तीही हसायची, पण तिला ते लागायचं.

थंडीत नवीन विमान आलं. शिकाऊ वैमानिकांचं, दोन सीटचं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. एकट्यानं उडवायचं असेल तर तसं निवडायचं, मग मागच्या सीटवरच्या माणसाचं वजन धरलं जायचं नाही.

उन्नतीनं 'एकटा' निवडलं आणि रायपूरच्या धावपट्टीवरून निघाली. विमान अपेक्षेपेक्षा लांब धावलं. हवेत गेल्यावर नाक आपणहून वर जायला बघू लागलं. विमान वळवायची हातातली स्टिक सतत थोडी पुढे रेटून धरावी लागत होती. मागे माणूस बसला की होतं, अगदी तसं. तिनं शांतपणे कळवलं: मागची सीट रिकामी असूनही वजन धरलं जातंय.

प्रवीणचा फोन आला. "आमच्याकडे होत नाहीये हो. तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग इथे चालवलं, त्यातही विमान हलकंच आहे. स्टिक तपासून बघा ना."

तिनं स्टिक तपासली, मग दुसरी मागवून लावली. कॉम्प्युटरवरचा सगळा प्रोग्रॅम पुसून नव्यानं टाकला. राजदीपला बसवलं, त्याच्या हातात विमान पाखरासारखं हलकं. तो उठला, ती बसली, आणि विमान पुन्हा जड.

"मले त वाटते, त्याले तू ओळखू येते," राजदीप म्हणाला. दोघंही हसली. पण नंतर खोलीत एकटी असताना ते वाक्य तिला पुन्हा आठवलं.

एका दुपारी तिनं मुद्दाम विमान गिरकीत घातलं. हीसुद्धा तपासायची गोष्ट. खाली शिवनाथ नदीचं पात्र गरगर फिरू लागलं, आणि नेहमीप्रमाणे ती गडबडली. पायाखालचा उलट बाजूचा पेडल दाबायचा सोडून, ज्या बाजूला विमान फिरत होतं त्याच बाजूचा, उजवा पेडल तिनं दाबून धरला.

उजवा पेडल मागे आला.

तिचा पाय त्यानं अलगद मागे सारला, आणि डावा पेडल तिच्या सैल पायाखालून पुढे गेला. घाई न करता. जणू पलीकडून कुणीतरी भक्कम पाय दिला होता. गिरकी थांबली. नदी जागच्या जागी सरळ झाली.

उन्नतीनं टेबलाखाली वाकून पाहिलं. पेडलला मोटर नव्हती. नुसतं प्लास्टिक आणि स्प्रिंगा. तिनं हेडफोन काढले नव्हते. इंजिनाच्या आवाजामागे कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

ती खाली आली तेव्हा कलावतीबाई गॅलरीत मटार सोलत होत्या. तिनं सगळं सांगितलं.

"भेव लागलं का तुले?"

"नाही ना आई. तेच तर."

"मंग डोये कावून पुसून राहिली?"

उन्नतीनं एक शेंग उचलून सोलायला घेतली. भीती वाटायला हवी होती हे तिला कळत होतं. पण कुणीतरी न हसता, न रागावता आपली चूक सुधारली, एवढंच मनात घोळत होतं.

मग सुखाचे दिवस आले. ती जेवण आटोपून वर जायची आणि विमान जड व्हायचं. स्टिक तिच्या मुठीत किंचित सरकायची. वळण कुठं संपवायचं, नाक कधी उचलायचं, ते हाताला कळायचं. एकदा चाकं इतकी हळू टेकली की तिला पत्ताच लागला नाही. "थँक्यू हो," ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःशीच हसत सुटली.

एका रविवारी दुपारी कंपनीनं तिला सगळ्यांसमोर विमान उडवून दाखवायला सांगितलं. पुण्यात सारी मंडळी पडद्यासमोर बसली. इकडे पलंगावर राजदीप आणि कलावतीबाई. उन्नती कुम्हारी गावावरून हायवे धरून आली, कारखान्याच्या चिमण्यांवरून गेली आणि तिथेच विमान सावकाश उलटं करून सरळ केलं.

"अगाई, पोटात गोया आला माह्या!" कलावतीबाई ओरडल्या आणि टाळ्या पिटू लागल्या.

विमान फुलासारखं टेकलं. पुण्यातूनही टाळ्या ऐकू आल्या. मग त्या थांबल्या.

"उन्नती," प्रवीणचा आवाज आला, "मागच्या सीटवरची काच तुम्ही कशी बंद केलीत?"

"मी कुठं केली?"

"नाही, म्हणजे... ती बंद होतच नाही. बंद करायची सोय आम्ही अजून बनवलेली नाही."

पडद्यावर विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. मागच्या सीटवरची काच बंद होती. आतून तिच्यावर वाफ धरली होती.



"चला, म्हणजे तुमचं खरं होतं," प्रवीण म्हणाला. "काहीतरी गडबड आहे. मागच्या सीटचा सगळा भाग काढून नव्यानं लिहितो. की राहू देऊ?"

राजदीपनं तिच्याकडे पाहिलं.  राहू द्या म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण विमान खरं असावं म्हणून तर ती तिथं बसली होती.

"काढा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, अपडेट यायच्या आधी, ती शेवटची उडाली. "मी सांगून टाकलं," ती हेडफोनमध्ये म्हणाली. "कामच आहे ना माझं." स्टिक तिच्या हातात क्षणभर सैल झाली. मग विमान स्वतःहून उंच चढलं, खारून नदीच्या पाण्यावर ऊन सांडलं होतं तिकडे वळलं, आणि दोघं पोटभर हुंदडली.

अपडेट आलं. विमान हलकं झालं. नाक जागेवर, धाव बरोबर. तिनं एकटीनं ते उतरवलं, आणि ते तितकंच अलगद टेकलं. आता ते तिला येत होतं. तिनं कळवलं: दुरुस्त झालं आहे. प्रवीणनं नुसत्या टाळ्या पाठवल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत सेक्टर १० च्या बाजारातून भाजी आणायची होती. उन्नतीनं गळ्यात ओढणी टाकली, स्कूटी काढली आणि बसली. राजदीप फाटक लावत होता.

स्कूटीचं मागचं चाक दबलं. शॉकअप कुरकुरले, मोठं माणूस बसल्यावर कुरकुरतात तसे.

तिनं मागे पाहिलं नाही. आरशातही नाही. तिच्या ओठांवर हसू आलं होतं, आणि मानेवर काटा.

जुनवानीच्या वळणावर ती झुकायच्या जरासं आधी गाडी झुकली. पुढे रस्ता मोकळा होता. तिनं वेग दिला. ओढणी सुटून मागे फडफडू लागली.

मग फडफड थांबली. कुणीतरी ती हळूच गोळा केली, आणि चाकात जाऊ नये म्हणून तिच्या कमरेशी नीट खोचून दिली.