चिकूने पुसलेली रेघ

झरा देवळापासून पूर्वेला पाच हातांवर असेल, तर तिथे नुसता खडक कसा?

ड्रिलचं पातं बोथट झालं, जुईचे आजोबा धुळीने माखले, पण पाण्याचा पत्ता नाही. आजोबा जलशास्त्रज्ञ (जमिनीखालचं पाणी शोधणारे). या लहानशा ग्रीक बेटावरच्या सगळ्या विहिरी खारट झाल्या होत्या. आज झरा सापडला नाही, तर उद्याच्या बोटीने ड्रिल परत जाणार आणि त्यामागोमाग सगळं गाव. निवृत्त शिक्षिका कालिओपीबाईंनी तर सामानही बांधलं होतं.

झऱ्याचा पत्ता त्यांच्याच घरातल्या जुन्या पुस्तकातला. शाई इतकी फिकट, की डोळ्यांना अक्षर लागेना. म्हणून चिकू रोबोने खास प्रकाशात पान स्कॅन केलं (बारकाईने फोटो काढला) आणि त्यातली अक्षरं ओळखली. ग्रीक अक्षरांचे हजारो नमुने दाखवून त्याला तयार केलं होतं.

“माझं वाचन चुकत नाही,” चिकू फुगून म्हणाला.

“मग मला मूळ फोटो दाखव,” जुई म्हणाली. “तू साफ करायच्या आधीचा.”

“शी! तो घाणेरडा आहे.”

“असू दे. दाखव म्हणते ना!” जुई एकदा हटून बसली की आजोबांचंही काही चालत नसे.

चिकूच्या पडद्यावर पान आलं. त्यावर जिकडेतिकडे बारीक रेघा.

“वाळूने माझ्या स्कॅनरच्या काचेवर ओरखडे पडलेत,” चिकू म्हणाला. “म्हणून अक्षराहून लहान जे दिसेल ते मी पुसतो.”

“आणि त्यात शाईची एखादी रेघ असली तर?”

आजोबा म्हणाले, “अगं, फोटो म्हणजे नुसते पिक्सेल (इवले इवले रंगीत चौकोन). काळा चौकोन शाईचा की ओरखड्याचा, हे त्याला कसं कळावं?”

जुई येरझाऱ्या घालू लागली. हार मानायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. अचानक ती थांबली.

“आजोबा, पान थोडं सरकवून दुसरा फोटो काढू या! शाई पानावर आहे, ती पानाबरोबर सरकेल. ओरखडे काचेवर आहेत, ते जागच्या जागी राहतील!”

चिकूने दोन्ही फोटो ताडून पाहिले. अक्षरांबरोबर सरकलेलं ठेवलं, बाकीचं पुसलं. पाचाच्या अक्षराखाली डावीकडे एक तिरकी रेघ उरली.

कालिओपीबाई पुढे झुकल्या. त्यांचं बोलणं चिकूने मराठीत सांगितलं: “आमच्याकडे पूर्वी आकडे अक्षरांनीच लिहीत. डावीकडे खाली अशी रेघ असली, की पाच नव्हे, पाच हजार!”

पाच हजार हात, म्हणजे दोन किलोमीटरहून थोडं जास्त! सगळ्यांनी मिळून ड्रिल तिकडे ओढत नेलं. आधी ओली माती आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. आजोबांनी ओंजळभर चाखलं.

“गोड आहे!”

कालिओपीबाई तिथेच बसून रडल्या. मग उठून सामान सोडायला घरी गेल्या.

चिकू मात्र हिरमुसला होता. “जुईताई, आजवर मी किती पुस्तकं अशी साफ केली! ती तर ज्याची त्याला परतही गेली. आता पान कसं सरकवायचं?”

“मूळ फोटो आहेत ना तुझ्याकडे?”

“सगळे आहेत.”

“मग काय अडलंय? काच तीच, म्हणजे ओरखडे प्रत्येक फोटोत त्याच जागी असणार. ते वगळ. उरेल ते पानावरचं. चल, पहिल्यापासून सुरू कर.”

चिकूने पहिला फोटो उघडला. या वेळी त्याने पुसायची घाई केली नाही.